कासवाच्या पोटातले भोक

"वाहनातील व्यक्तींनी वायुवीजनाचा एकमेव मार्ग स्वतःच्या हातांनी बंद केल्यामुळे सदर मृत्यू ओढवला, असे ही समिती एकमताने नमूद करते."

अकरा पानी चौकशी अहवालाचे हे शेवटून दुसरे वाक्य. शेवटचे वाक्य, हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत लेखी कळवावी, असे होते. त्याखाली तीन सह्या आणि एक गोल शिक्का. शिक्का इतका ठसठशीत उमटला होता की समितीला निदान त्याच्याबद्दल तरी खात्री असावी.

संपादिकेने ते वाक्य आधी उभ्याने वाचले, मग बसून वाचले. मृत्यू तिच्या थोरल्या भावाचा होता. चौतीस वर्षे तिने जुन्या हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहण्यात घालवली होती. एखाद्या ग्रंथातली कोणती ओळ मूळ कर्त्याची आणि कोणती मागाहून एखाद्या आगाऊ लेखनिकाने घुसडलेली, हे ठरवणे हा तिचा धंदा. दादा तिला ‘आमच्या घरची खोडरबर’ म्हणत असे. कुठल्याही वाक्याला तिचा पहिला प्रश्न एकच असे: हे कोणाला ठाऊक होते, आणि कसे?

या वाक्याला तिने तो विचारला आणि वाक्य उसवत गेले. ‘वाहनातील व्यक्तींनी’ हा निव्वळ शिष्टाचार होता. वाहनात दोघेच होते, दादा आणि वहिनी. दादा खोकल्याने बेजार होऊन पडला होता; त्याने काही बंद केलेले नव्हते. म्हणजे आरोप एकटीवर होता, फक्त तो करण्याचे धैर्य तिघांपैकी एकातही नव्हते. ‘स्वतःच्या हातांनी’ हे समितीने शोधून काढलेले नव्हतेच. ते वहिनीने स्वतः सांगितले होते: भर दुपारी तलावावरून बोचरा वारा सुटला होता, तो दाराखालून आत येत होता, म्हणून मी टॉवेलची गुंडाळी करून फटीला लावली, गॅसचा हीटर पेटवला, यांच्या अंगावर पांघरूण घातले आणि तासाभराने येते म्हणून काठाकाठाने चालायला गेले. समितीने हे तिच्या तोंडून ऐकले, कागदावर उतरवले आणि निकाल म्हणून तिच्याच पदरात टाकले.

राहिला ‘एकमेव’. सातव्या पानावर दार, खिडक्या, छताची झडप यांची मापे मिलिमीटरपर्यंत दिलेली होती. गाडी जशी सापडली तशी मोजली होती. ती आधी कशी होती, हे कोणालाही विचारलेले नव्हते. हाती लागलेली पहिलीच प्रत हीच मूळ प्रत, असे मानून कामाला लागणारे पुष्कळ विद्वान संपादिकेने पाहिले होते. त्यांच्यामुळे आजवर कोणाच्या माथी मृत्यू मात्र आला नव्हता.

आणि संपादिकेला ठाऊक होते की त्या गाडीला आणखी एक भोक होते.

*

गाडीचे नाव कासव. घर पाठीवर घेऊन फिरणारी आणि चढावर तितक्याच बेताने चालणारी. आप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, ती वापरलेलीच विकत घेतली तेव्हा दादा दहा वर्षांचा होता आणि ती सात. आप्पा एका मोठ्या धुलाई कारखान्यात बॉयलर सांभाळत. आग, वाफ आणि हवा यांच्याशी जन्मभर गाठ पडलेला माणूस. घरी काडी ओढतानाही आधी खिडकीकडे बघणारा.

जुन्या घरगाड्यांचे लोकांना एवढे वेड का असते, यावर संपादिकेने एकदा गांभीर्याने विचार केला होता. राजवाड्यापाशी थांबणारा माणूस मान वर करून बघतो आणि थोडा खट्टू होऊन पुढे जातो. पण रस्त्याकडेला उभ्या असलेल्या जुन्या घरगाडीपाशी थांबणारा माणूस वाकतो, काचेला नाक लावतो आणि आतली ती बोटभर शेगडी, वाटीएवढे बेसिन, दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारी फळी पाहून त्याचा चेहरा निवळतो. चार पावलांत संपणाऱ्या त्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. रुसलेल्या माणसाला दुसऱ्या खोलीत जाऊन बसता येत नाही; ज्याच्यावर रुसायचे त्याच्याच गुडघ्याला गुडघा लावून रुसावे लागते. आणि मन विटले की किल्ली फिरवली, घरच निघाले. अशी घरे लोकांना मिळत नाहीत, म्हणून ते गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवतात.

इथवर तिला ते वेड मान्य होते. तिचे बिनसायचे ते पुढे. कारण या वेडाची पुढे मंडळे होतात, मंडळांच्या समित्या होतात, समित्या दाखले देतात. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तशीच्या तशी असेल, तर पहिल्या वर्गाचा दाखला. एखाद्याने चाळीस वर्षांत सोयीची खुंटी ठोकली असेल, तर दुसरा वर्ग. लहान मूल पडू नये म्हणून कठडा लावला असेल, तर तिसरा. या मंडळींना जुने हवे असते, पण वापरलेले नको असते. म्हातारपण हवे, खोकला नको.

आप्पांनी गाडी घरी आणली त्याच आठवड्यात शेगडीखालच्या कपाटात डोके घालून, तळपत्र्याला तळहाताएवढे गोल भोक पाडले. कडेला दुधाच्या पावडरीच्या डब्याचे कडे कापून डाख दिला आणि वर बारीक जाळी ठोकली. आई म्हणाली, घेतल्या घेतल्या गाडीला कोणी भोक पाडतं का? आप्पा म्हणाले, कासवालाही नाक लागतं. मग त्यांनी दोन्ही मुलांना कपाटापुढे बसवून नियम घोकून घेतला: खालचं नाक उघडं, तर वरचं सगळं बंद चालेल. खालचं कधी बुजवायचं नाही.

शेगडीशेजारची बसायची जागा संपादिकेची होती. प्रवासभर तिच्या डाव्या घोट्याला खालून गार फुंकर लागत असे. जाळी पुढे एका कोपऱ्यात उचकटली, आणि एका घाटात तिची लाल पेन्सिल त्यातून खाली गेली. तिने रडून गाडी थांबवायला लावली. आप्पांनी मागे अर्धा मैल चालून शोधली. सापडली नाही. परत येऊन त्यांनी जाळीचा कोपरा नीट ठोकला आणि म्हणाले, "आता फक्त हवा जाईल."

आप्पांनंतर कासव दादाकडे आले. दादा त्या नियमावर पन्नास वर्षे निर्धास्त झोपला.

*

वहिनीकडे ती अहवाल घेऊन गेली, तेव्हा घराची दारे, खिडक्या सगळे उघडे होते. बाहेर थंडी मी म्हणत होती. वहिनी दोन स्वेटर घालून स्वयंपाकघरात बसली होती आणि टेबलावरचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर वाट्या उपड्या घातल्या होत्या. संपादिकेने सवयीने दार लोटले.

"वन्सं, दार लोटू नका," वहिनी म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता.

मोरीत टॉवेल नव्हता. बाथरूममध्ये नव्हता. कपाटात नव्हता. ओले हात वहिनी स्वेटरला पुशी. अहवाल तिने आधीच वाचला होता आणि तिला तो पटला होता, हेच भयंकर होते. समिती काही चुकीचे बोलली नाही, असे तिने शांतपणे सांगितले. गुंडाळी मीच लावली, ती किती घट्ट लावली होती तेही मला आठवतंय, आणि लावताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. संपादिकेने भोकाचा विषय काढला. वहिनी म्हणाली, तसं काहीतरी हे बोलायचे खरे. पण त्या साहेबांनी टॉर्च लावून सगळं बघितलं, भोक असतं तर दिसलं नसतं का?

"अजून आठ दिवस आहेत हरकतीला," संपादिका म्हणाली.

"कशाला? ते परत येणारेत का?"

"तुम्ही परत याल."

वाटीखालून निसटलेला एक कागद वहिनीने पुन्हा वाटीखाली सरकवला.

*

कासव सरकारी कार्यालयाच्या मागल्या आवारात, अपघातातल्या गाड्यांच्या रांगेत उभे होते. ठेचलेल्या, चेपलेल्या लोखंडामध्ये ते एकटेच नव्या नवरीसारखे चकचकीत. वर सायीसारखा पांढरा, खाली फिकट हिरवा. पुढच्या काचेत पहिल्या वर्गाचा दाखला अजून झळकत होता.

पहारेकरी किल्ली घेऊन आला, पण कुलूप काढण्याआधी त्याने गाडीच्या नाकावरून एक हात फिरवला. माझ्या वडिलांना अशीच घ्यायची होती, राहूनच गेलं, असे तो म्हणाला. इथे दिवसाला दहा जण तरी हिच्यापाशी थांबतात म्हणे; आत काय झालं ते सांगितलं तरी म्हणतात, पण गाडी काय सुरेख ठेवलीय.

एकसष्टाव्या वर्षी संपादिका त्या आवारातल्या खडीवर उताणी पडली आणि टॉर्च घेऊन गाडीखाली सरकली.

"बाई, खाली काही पडलंय का?" पहारेकऱ्याने विचारले.

"हो. पेन्सिल."

तळपत्रा काळ्या रंगाने एकसारखा रंगवलेला होता. डोळ्यांना काहीच दिसेना. मग तिने डोळे मिटले आणि बोटांनी वाचायला सुरुवात केली. खोडून पुन्हा लिहिलेली जागा कागदावर अशीच सापडते. शाई लपवते, पण पाठ लपत नाही. शेगडी जिथे असावी त्याच्या खाली नखाला एक बारीकशी वाटोळी कड लागली. आत जाऊन तिने कपाटाच्या तळाशी अंथरलेली नवी चटई उचलली. पत्र्यावर एक चकती बसवलेली होती, वेल्डिंग करून, घासून, इतक्या सफाईने की समितीच्या टॉर्चला दोष देण्यात अर्थ नव्हता. तळहात ठेवला, तर चकती बरोबर तळहाताखाली मावली.

ते काम वाईट असते, तर तिला कमी राग आला असता.

*

गाडीचा तळ गंजला म्हणून दादाने दोन वर्षांपूर्वी ती मिस्त्रीकडे दिली होती. या मिस्त्रीचे नाव मंडळात देवासारखे घेतले जाई. त्याला कारखान्याचे मूळ नकाशे तोंडपाठ होते. एखादा स्क्रू दुसऱ्या वर्षीच्या गाडीचा असला, तर त्याला म्हणे जेवण जात नसे. गाडी पाहायला तो घरी आला, तेव्हा सगळे कासवातच चहाला बसले होते. मिस्त्रीने संपादिकेला तिच्या कामाबद्दल विचारले होते. ती काहीतरी बोलली, सगळे हसले आणि मिस्त्रीने मान डोलावली, एवढे तिला आठवत होते. काय बोलली, ते आठवत नव्हते.

आठ महिन्यांनी गाडी परत आली. सोबत एकसष्ट कलमांची कामाची यादी होती. त्यात चाळिसावे कलम होते: ‘तळपत्रा पूर्ववत.’ दादाने यादी फ्रेम करून लावली. कपाटात डोके घालून बघण्याचे त्याला कारण नव्हते. पहिली सफर उन्हाळ्यात झाली, सगळे उघडे ठेवून. दुसरी ही.

मिस्त्रीच्या कार्यशाळेत भिंतीवर दारे टांगलेली होती, आणि प्रत्येक दाराखाली त्याचे साल खडूने लिहिलेले. लाकडी हातोडे आकाराप्रमाणे रांगेत. मिस्त्री अंत्ययात्रेला आला होता, सर्वांत मागे उभा राहून रडला होता. आता त्याने स्टूल पुसून पुढे केले आणि चहा ठेवू का, असे विचारले. तिने नको म्हटले आणि कासवाची फोटोवही मागितली. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो क्रमांक घालून वहीत लावायचे, ही त्याची शिस्त सगळ्यांना ठाऊक होती. वही त्याने लगेच काढून दिली, जरा जास्तच लगेच.

तिने पाने उलटली. एकशे बारावर गंजका तळ. एकशे चौदावर नवा, गुळगुळीत.

"एकशे तेरा कुठाय?"

"चिकटवायचा राहिला असेल."

"तुमच्याकडून?"

मिस्त्रीने तळातला खण उघडला आणि रंगांच्या नमुन्यांखालून फोटो काढून तिच्यापुढे ठेवला. भोक होते. आप्पांचे कडे होते, आणि कड्यावर दुधाच्या डब्यावरची अर्धी अक्षरे अजून वाचता येत होती. जाळीचा एक कोपरा बाकीच्यांपेक्षा जास्त खिळ्यांनी ठोकलेला होता.

"जाळणार होतो," तो म्हणाला. "पण फोटो जाळायला हात धजला नाही."

हे तिला कळले, आणि कळले याची तिला चीड आली. भोक बुजवायला धजलेला हात भोकाच्या फोटोपाशी थबकला होता. तिच्या स्वतःच्या टेबलाच्या खणातही वगळलेल्या ओळींची टिपणे अशीच जपून ठेवलेली होती.

समितीला सांगितलं का नाहीत, असे तिने विचारले. कोणी विचारलं नाही, असे तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने मान खाली घातली. रोज सकाळी वाटायचं, आज जाऊन सांगावं. मग कोणीतरी गाडी दाखवायला यायचं.

तिने पिशवीतून कोरे कागद काढले. तुम्ही सांगा, मी लिहिते, एकही शब्द बदलणार नाही, मग तुम्ही वाचून सही करा. तो हळूहळू सांगत गेला, ती लिहीत गेली. मध्येच एका वाक्यापाशी तिचे पेन थांबले. तेव्हा तिला आठवले, त्या दिवशी चहाला सगळे कशाला हसले होते.

मिस्त्रीच्याही ते लक्षात आले. "ते वाक्य राहू द्या, बाई," तो गडबडीने म्हणाला. "त्याचा तसा संबंध नाही. बोलता बोलता निघालं. काढून टाका."

आणि खरेच, काढण्यासारखे होते. हरकतीला त्याची गरज नव्हती. वहिनी सुटायला उरलेली वाक्ये पुरेशी होती. चौतीस वर्षांत तिने यापेक्षा भक्कम ओळी यापेक्षा लंगड्या कारणांनी गाळल्या होत्या, आणि त्याबद्दल तिचा सत्कार झाला होता.

"बोललात ना तुम्ही?" ती म्हणाली. "मग राहील."

*

वहिनीच्या स्वयंपाकघरात वारा तसाच वाहत होता. संपादिकेने आधी फोटो टेबलावर ठेवला. वहिनीने तो बराच वेळ पाहिला, मग बोट पुढे करून जाळीच्या त्या जास्त खिळे ठोकलेल्या कोपऱ्यावर टेकवले आणि विचारले, "हीच का तुमची पेन्सिल गेलेली जागा? हे सांगायचे नेहमी. मला वाटायचं, गंमत करतात."

मग तिने सही केलेल्या कागदाकडे पाहिले. चष्मा आत राहिलाय, असे म्हणाली, पण उठली नाही.

"तुम्हीच वाचा, वन्सं. आणि मला बरं वाटावं म्हणून काही गाळू नका."

संपादिकेने कागद दोन्ही हातांनी धरला, कारण वाऱ्याने तो फडफडत होता, आणि वाचला:

"ते भोक गंजाचं नव्हतं. कोणीतरी मुद्दाम, विचार करून पाडलंय, हे मला बघताक्षणी दिसलं होतं. कड्याचं काम चांगलं होतं. पण ते कारखान्याच्या नकाशात नव्हतं, आणि भोक ठेवलं असतं तर गाडीला पहिला वर्ग मिळाला नसता. बाई त्या दिवशी चहा पिताना म्हणाल्या होत्या की मागाहून घातलेलं सापडलं की त्याला दयामाया दाखवायची नाही, ते कितीही चांगलं असलं तरी काढायचंच. ते मला फार पटलं होतं आणि चकती बसवताना मला तेच आठवत होतं. मालकांना मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर ते भोक कशासाठी आहे हे त्यांनी सांगितलं असतं, आणि मग मला ते बुजवता आलं नसतं. टॉवेलचा यात काही दोष नाही. भोक असतं, तर टॉवेल लावूनही मालक उठले असते. ते मी बुजवलं."